जनसमुदायाचे मानसिक आरोग्य : संशोधन आणि सीमापार सहकार्य
(जबलपूर विभागाच्या संदर्भात)

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तोपर्यंत एकाच राज्यात असलेली नागपूर व जबलपूर ही दोन शहरे दोन राज्यांत विभागली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेले, तर जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले व तेथे उच्च न्यायालय स्थापन झाले. प्रशासनाची सीमा बदलली, परंतु लोकांची भाषा, बाजारपेठ आणि आजारपणात धाव घेण्याची वाट मात्र त्या सीमेबरोबर बदलली नाही. छिंदवाडा जिल्ह्यातून २०२३ मध्ये वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा आज जबलपूर महसूल विभागात मोडतो. मात्र तेथे मराठी बोलली जाते, संत्री-कापसाची शेती विदर्भासारखीच आहे आणि मोठ्या रुग्णालयासाठी जबलपूरपेक्षा नागपूर कितीतरी जवळ पडते. शरीराच्या आजाराबाबत जे खरे आहे, ते मनाच्या आजाराबाबत अधिकच खरे आहे. कारण येथे निदान भाषेतून होते आणि उपचार दीर्घकाळ चालतात.

मानसिक आरोग्याच्या संशोधनात व संवर्धनात सीमापार सहकार्य का आवश्यक ठरते, त्याचे आजवरचे अनुभव काय सांगतात आणि जबलपूरसारख्या सीमावर्ती विभागाला त्यातून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यक्तीचा आजार आणि जनसमुदायाचे आरोग्य

मनोविकारतज्ज्ञ समोर बसलेल्या रुग्णाचा विचार करतो, तर जनसमुदायाच्या मानसिक आरोग्याचा अभ्यासक दवाखान्यापर्यंत कधीच न पोहोचलेल्या माणसाचा विचार करतो. रुग्णालयातील नोंदींवरून आजाराची व्याप्ती ठरवता येत नाही, कारण त्या नोंदी केवळ उपचार घेणाऱ्यांच्या असतात. म्हणून घरोघरी पाहणी करावी लागते. अशा पाहणीत तीन संज्ञा महत्त्वाच्या ठरतात.

पहिली संज्ञा व्याप्तिदर. ठरावीक काळात लोकसंख्येपैकी किती टक्के व्यक्तींना विकार आहे, हे त्यातून कळते. दुसरी संज्ञा उपचारातील तफावत. विकार असलेल्यांपैकी किती टक्के व्यक्तींना उपचार मिळत नाहीत, याचे ते प्रमाण होय. तिसरी संज्ञा संपर्क-व्याप्ती. विकार असलेल्यांपैकी किती जणांनी आरोग्यसेवेशी संपर्क साधला, हे त्यातून दिसते. कार्यक्रमाचे यशापयश मोजण्यासाठी तिसऱ्या संज्ञेचा विशेष उपयोग होतो.

भारतात अशी व्यापक पाहणी २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या रूपाने झाली. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेने (निम्हान्स) मध्य प्रदेशासह १२ राज्यांत ती पार पाडली. त्यानुसार प्रौढांमधील मानसिक विकारांचा तत्कालीन व्याप्तिदर १०.६ टक्के होता, तर मध्य प्रदेशात तो १३.९ टक्के आढळला. निरनिराळ्या विकारांतील उपचारातील तफावत ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होती. नैराश्य, चिंताविकार यांसारख्या सर्वसामान्य विकारांत ती ८५ टक्के होती. मध्य प्रदेशात एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण अवघे ०.०५ होते. सर्वेक्षणातील राज्यांमध्ये ते सर्वांत कमी होते.

या आकड्याचा अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. ०.०५ म्हणजे २० लाख लोकसंख्येमागे एक तज्ज्ञ. त्यातील १२ लाख प्रौढ आहेत असे मानले, तर १३.९ टक्के दराने १,६६,८०० व्यक्तींना विकार असेल. तज्ज्ञाने दररोज २० रुग्ण याप्रमाणे वर्षातील २५० दिवस काम केले, तर वर्षाला ५,००० तपासण्या होतील. म्हणजे प्रत्येक रुग्णाची एकदा तपासणी होण्यास ३३ वर्षे लागतील. हे उदाहरण केवळ कल्पना येण्यासाठी आहे. परंतु केवळ तज्ज्ञांची संख्या वाढवून हा प्रश्न नजीकच्या काळात सुटणार नाही, हे त्यातून निःसंशय दिसते.

अर्थशास्त्रीय बाजू

मानसिक विकारांमुळे मृत्यू तुलनेने कमी होतात. त्यामुळे मृत्युदरावर आधारलेल्या जुन्या आकडेवारीत ते दिसत नसत. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने 'विकलांगता-समायोजित आयुर्वर्षे' हे परिमाण पुढे आणले. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारासह काढलेली वर्षे यांची त्यात बेरीज केली जाते. या मोजपट्टीने नैराश्याचा भार प्रथमच ठळकपणे समोर आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राज्यनिहाय रोगभार अभ्यासानुसार २०१७ मध्ये भारतात १९.७३ कोटी व्यक्तींना, म्हणजे दर सात व्यक्तींपैकी एकीला, मानसिक विकार होता. एकूण रोगभारातील या विकारांचा वाटा १९९० मधील २.५ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ४.७ टक्क्यांवर गेला होता.

आत्महत्यांची आकडेवारी हा या प्रश्नाचा सर्वांत वेदनादायक भाग होय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वाधिक २२,७४६ नोंदी महाराष्ट्रातील होत्या. १९,८३४ नोंदींसह तामिळनाडू दुसऱ्या आणि १५,३८६ नोंदींसह मध्य प्रदेश तिसऱ्या स्थानी होता. म्हणजेच पहिल्या तीन राज्यांपैकी दोन राज्ये एकमेकांना लागून आहेत.

कुटुंबावरील आर्थिक भारही दुर्लक्षिता येत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात रुग्ण असलेली कुटुंबे उपचार व प्रवास यांवर दरमहा सुमारे १,००० ते १,५०० रुपये खर्च करीत असल्याचे आढळले. औषध मोफत असले तरी प्रवासभाडे आणि रुग्णासोबत जाणाऱ्या नातेवाइकाची बुडणारी मजुरी यांमुळे उपचार अर्ध्यावर सुटतात. दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ३६ देशांच्या आधारे २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासाने असे दाखवले, की नैराश्य व चिंताविकारांच्या उपचारांवर गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे आरोग्य आणि उत्पादकता यांच्या रूपाने सुमारे चार डॉलरचा लाभ होतो.

मग बाजारव्यवस्था ही गुंतवणूक आपोआप का करीत नाही? याचे उत्तर ज्ञानाच्या स्वरूपात आहे. एखादी प्रश्नावली तयार करणे, तिचे भाषांतर करणे आणि ती विश्वासार्ह आहे की नाही हे तपासणे यांस मोठा खर्च येतो. परंतु एकदा ती सिद्ध झाली, की कोणीही ती वापरू शकतो आणि एकाच्या वापराने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. अशा सार्वजनिक वस्तूची निर्मिती शासन, विद्यापीठे आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांनाच करावी लागते. अनेक देशांनी वा राज्यांनी खर्च वाटून घेतल्यास तो प्रत्येकाला परवडतो. सीमापार सहकार्याचा आर्थिक पाया हाच आहे.

आंतरराष्ट्रीय सहकार्याची वाटचाल

या क्षेत्रातील सहकार्य नवे नाही. १९६० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने छिन्नमनस्कतेचा आंतरराष्ट्रीय प्रायोगिक अभ्यास हाती घेतला. त्यातील नऊ देशांत भारताचा समावेश होता व आग्रा हे भारतातील केंद्र होते. विकसनशील देशांतील रुग्णांची दीर्घकालीन प्रगती तुलनेने बरी असल्याचा त्याचा निष्कर्ष जगभर चर्चिला गेला. १९७५ नंतर संघटनेच्याच सात देशांच्या प्रकल्पात चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर रानी येथे काम केले. बंगळुरूजवळील सकलवारा येथेही त्याच सुमारास ग्रामीण प्रयोग सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचारी योग्य प्रशिक्षणानंतर मनोविकार ओळखू शकतात, हे या प्रयोगांनी दाखवले. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाची आणि बळ्ळारीतील प्रयोगानंतर १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पायाभरणी अशी झाली.

मोठ्या आपत्तींनीही संशोधनाला चालना दिली. १९८४ ची भोपाळ वायुदुर्घटना आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वाचलेल्या लोकांवरील मानसिक परिणामांचे अभ्यास करविले.

पुढील टप्पा 'कार्य-विभागणी'चा होता. तज्ज्ञांचे काही काम प्रशिक्षित बिगर-तज्ज्ञांकडे सोपवणे, हा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये यासाठी विशेष कार्यक्रम जाहीर केला. गोव्यातील 'मानस' चाचणीने २०१० मध्ये असे दाखवले, की सार्वजनिक आरोग्य केंद्रांत स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने नैराश्य व चिंताविकारांचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे होतात. गोव्यातीलच २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन देण्यात आले. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. झिंबाब्वेतील हरारे शहरात दवाखान्याबाहेरील बाकावर बसून बोलणाऱ्या ज्येष्ठ महिलांच्या उपक्रमाची परिणामकारकता २०१६ मध्ये अशाच चाचणीने सिद्ध झाली. दोन खंडांतील स्वतंत्र प्रयोग एकाच निष्कर्षाकडे येतात, तेव्हा त्या निष्कर्षाची विश्वासार्हता वाढते.

सीहोर आणि अमरावती : दोन अनुभव

जबलपूर विभागाच्या दृष्टीने दोन प्रयोग विशेष उद्बोधक आहेत. एक मध्य प्रदेशातील आहे, तर दुसरा विदर्भातील.

इथिओपिया, भारत, नेपाळ, दक्षिण आफ्रिका आणि युगांडा या पाच देशांत २०११ पासून 'प्राइम' हा संशोधन प्रकल्प राबवण्यात आला. त्याचे नेतृत्व केपटाउन विद्यापीठाकडे होते आणि अर्थसाहाय्य ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याचे होते. भारतात त्यासाठी भोपाळशेजारील सीहोर जिल्हा निवडण्यात आला. सामूहिक आरोग्य केंद्रांत नैराश्य, मद्यविकार व तीव्र मनोविकार यांवरील सेवा सुरू करून तिचे मूल्यमापन करणे, हा त्याचा हेतू होता. केंद्रांत सेवा उभी राहिली. तथापि, समाजातील नैराश्यग्रस्तांपैकी उपचारासाठी जाणाऱ्यांच्या प्रमाणात अपेक्षित वाढ दिसून आली नाही.

याच सुमारास अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने राबवण्यात आला. शेतकरी आत्महत्यांची पार्श्वभूमी असलेल्या या भागात गावातीलच कार्यकर्ते घरोघरी जात, मनावरील ताणाविषयी बोलत, प्राथमिक मानसिक आधार देत आणि गरजूंना समुपदेशकाकडे व तज्ज्ञाकडे पाठवत. १८ महिन्यांत नैराश्यग्रस्तांमधील संपर्क-व्याप्ती ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेली. नैराश्याचा व्याप्तिदर १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आला.

या दोन प्रयोगांची तुलना करताना सावधगिरी हवी. 'विश्राम'मध्ये तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता आणि गावांची संख्या मर्यादित होती. त्यामुळे सर्व बदलांचे श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही. तरीही अर्थशास्त्राच्या परिभाषेत एक बोध स्पष्ट आहे. सीहोरमध्ये प्रामुख्याने पुरवठा वाढवला गेला, तर अमरावतीत पुरवठ्याबरोबर मागणीही निर्माण केली गेली. आपला त्रास हा उपचार होऊ शकणारा आजार आहे, हेच ज्याला ठाऊक नाही, तो आरोग्य केंद्राची पायरी चढणार नाही. येथे आरोग्य संवर्धन हे उपचारांचे पूरक अंग न राहता त्यांची पूर्वअट ठरते. १९८६ च्या ओटावा सनदेने आरोग्य संवर्धनाची जी पाच कार्यक्षेत्रे सांगितली, त्यांत समाजाची कृतिशीलता बळकट करणे आणि आरोग्यसेवांची नव्याने दिशा ठरवणे ही दोन्ही आहेत. एकाशिवाय दुसरे अपुरे पडते.

जबलपूर विभागासमोरील प्रश्न

जबलपूर विभागात जबलपूर, कटनी, नरसिंहपूर, मंडला, दिंडोरी, सिवनी, बालाघाट, छिंदवाडा आणि पांढुर्णा हे नऊ जिल्हे येतात. त्यांपैकी काहींच्या सीमा नागपूर, गोंदिया व अमरावती या जिल्ह्यांना भिडतात. मंडला-दिंडोरी-बालाघाटमध्ये गोंड व बैगा, तर छिंदवाड्यातील पाताळकोटात भारिया जमाती राहतात. बैगा आणि भारिया यांचा समावेश विशेष दुर्बल आदिवासी गटांत होतो. विभागाला संस्थात्मक आधारही आहे. जबलपुरातील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून कार्यरत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय आदिवासी आरोग्य संशोधन संस्था येथेच असून ती १९८४ मध्ये प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झाली. मलेरिया, सिकलसेल आणि फ्लोरोसिस यांवरील तिचे काम सुपरिचित आहे. मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत झालेल्या मलेरिया निर्मूलन प्रात्यक्षिक प्रकल्पात ती सहभागी होती. गावोगावी जाऊन रुग्ण शोधणे, नोंद ठेवणे आणि स्थानिक कार्यकर्त्यांवर देखरेख करणे हे कौशल्य मानसिक आरोग्याच्या पाहणीलाही तितकेच लागते.

फरक एवढाच, की मलेरियाचे निदान रक्ताच्या थेंबातून होते, तर नैराश्याचे शब्दांतून. येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. 'तुम्हाला उदास वाटते का?' या प्रश्नाला नकार देणारी व्यक्ती 'डोक्याला ताप आहे', 'जिवाला घोर लागला आहे', 'झोप नाही, अंगात त्राण नाही' असे सहज सांगते. हिंदी भाषक 'घबराहट' म्हणतो, तर खेड्यापाड्यांत 'टेन्शन' हा शब्द रुळला आहे. म्हणून प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर पुरत नाही. एका भाषेतून दुसरीत आणि पुन्हा मूळ भाषेत असे उलटसुलट भाषांतर करावे लागते. नंतर प्रश्नावलीचा निष्कर्ष तज्ज्ञाच्या निदानाशी ताडून पाहावा लागतो. पांढुर्णा-सौंसर भागात भोपाळमध्ये तयार झालेल्या हिंदी प्रश्नावलीपेक्षा विदर्भात वापरलेली मराठी प्रश्नावली अधिक उपयोगी ठरू शकते, तर मंडल्यात गोंडी बोलणाऱ्यांसाठी स्वतंत्र काम करावे लागेल. गोंडी भाषक मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगड व तेलंगणात विखुरलेले आहेत. चार राज्यांनी एकच गोंडी साधन मिळून विकसित केल्यास खर्चही वाचेल आणि आकडे तुलनायोग्य होतील.

दुसरा प्रश्न उपचारांच्या सातत्याचा. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतात नागपूर व जबलपूर या दोन्ही ठिकाणी मनोरुग्णालये होती. नागपूरचे आजही प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून कार्यरत आहे. सिवनी वा पांढुर्ण्याच्या रुग्णावर नागपुरात उपचार सुरू झाले आणि तो गावी परतला, तर पुढची औषधे त्याला आपल्या जिल्ह्यातच मिळायला हवीत. परंतु नोंद एका राज्यात आणि औषधपुरवठा दुसऱ्या राज्याच्या जिल्हा कार्यक्रमात, अशी स्थिती असते. सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे खर्च एका राज्यावर व लाभ दुसऱ्या राज्याला, अशी बाह्य परिणामांची समस्या उद्भवते. आकडेवारीतही दोष येतो. महाराष्ट्रात उपचार घेणारा रुग्ण मध्य प्रदेशच्या सेवा-नोंदीत दिसत नाही आणि त्याच्यासाठी औषधांची मागणीही नोंदवली जात नाही. मजुरीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्यांची अडचण याहून मोठी, कारण औषधांत खंड पडणे हे तीव्र मनोविकार उलटण्याचे एक प्रमुख कारण आहे.

कायदा, नीती आणि मर्यादा

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ ने शासकीय वा शासन-अनुदानित सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला. कलम २९ नुसार मानसिक आरोग्याचे संवर्धन व विकारांचा प्रतिबंध यांसाठी कार्यक्रम आखणे हे शासनाचे कर्तव्य आहे. कलम ३१ नुसार अधिनियम लागू झाल्यापासून दहा वर्षांत, म्हणजे २०२८ पर्यंत, लोकसंख्येच्या प्रमाणात मनुष्यबळाची आंतरराष्ट्रीय मानके गाठण्याचा प्रयत्न करावयाचा आहे. कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले. नोव्हेंबर २०२२ मधील राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणाऱ्या मृत्युदरात १० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. अनेक भाषांत मिळणारी ही सेवा राज्यसीमेचा अडसर काही अंशी दूर करते.

आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. परकीय निधीवरील प्रकल्पाची मुदत संपते, तेव्हा नेमलेले समुपदेशक जातात आणि रुग्ण मागे राहतात. 'प्राइम' प्रकल्प २०१९ मध्ये संपला व त्याला निधी देणारे ब्रिटनचे खातेही २०२० मध्ये दुसऱ्या खात्यात विलीन झाले. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या वर्षीच त्यानंतरच्या खर्चाची तरतूद ठरलेली असावी. परदेशी सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनासाठी भारतात आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता घ्यावी लागते. मनोविकाराची माहिती अत्यंत खासगी असल्याने तिची मालकी, साठवण व वापर यांविषयीचे करार स्पष्ट असणे अगत्याचे आहे. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये भूतानच्या संकल्पनेशी नाते सांगणारा आनंद विभाग स्थापन केला, तेव्हा आनंदाच्या मोजमापाची चर्चा झाली. परंतु आनंदाचा निर्देशांक आणि विकारांचा व्याप्तिदर ही दोन भिन्न मापे आहेत. एक समाजाचे समाधान सांगते, तर दुसरे उपचारांची गरज. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

पुढील दिशा

जबलपूर विभागासाठी काही उपाय फारसा नवा खर्च न करता शक्य आहेत. सीमेवरील जिल्ह्यांत महाराष्ट्र व मध्य प्रदेशाने समान चाळणी प्रश्नावली आणि समान नोंदपत्रक वापरावे. रुग्णाने सोबत बाळगावयाचे उपचारपत्र दोन्ही राज्यांच्या औषध केंद्रांत ग्राह्य धरले जावे. आदिवासी आरोग्य संशोधन संस्था, जबलपूर व नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालये यांनी गोंडी व सीमाभागातील मराठी यांसाठी साधने संयुक्तपणे तपासावीत. आशा कार्यकर्तींना मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण देताना त्यासाठी स्वतंत्र मोबदलाही ठरवावा. अगोदरच अनेक कामांनी भारलेल्या महिलेकडून विनामूल्य समुपदेशनाची अपेक्षा टिकाऊ ठरत नाही. आणि कोणताही कार्यक्रम मोजताना केंद्रात किती रुग्ण आले एवढेच न पाहता, गावातील किती आजारी व्यक्ती अद्याप आलेल्या नाहीत हे पाहावे.

सीहोर आणि अमरावती या दोन जिल्ह्यांनी मिळून शिकवलेला धडा हाच आहे. तो एका राज्याने एकट्याने शिकलेला नाही. जबलपूर-गोंदिया हा जुना अरुंद रेल्वेमार्ग आता रुंदमापी झाला आहे आणि माणसांची ये-जा सुकर झाली आहे. त्या मार्गाने जाणाऱ्या रुग्णाबरोबर त्याच्या उपचारांची नोंद आणि औषधही सीमा ओलांडू शकले, तर अधिनियमातील हक्क कागदावरून गावापर्यंत पोहोचेल.